शाळा उघडायच्या दिवशी जन्मलेली मुलं

— नको, पाणी नको साहेब, खाली नळावर प्यायले मी, तुम्ही आधी हे बघा — असं लांब धरून नाही, चष्मा लावून बघा — हा आकडा, जन्मवर्षाचा, हा चुकलाय. लिहिताना चुकलाय. लिहिणाऱ्याचा हात घसरला म्हणा, डुलकी लागली म्हणा, काय म्हणाल ते म्हणा, चार वर्ग एका खोलीत सांभाळून संध्याकाळी रजिस्टर भरायला बसलं की होतं असं माणसाचं. मुलगी सोळाची आहे. अठराची नाही. सोळा पूर्ण होऊन चार महिने झालेत, आणि आज साडेबाराला तिचं लग्न आहे, आणि आत्ता — तुमच्या घड्याळात किती झाले? सव्वादहा. माझ्यात दहा वीस. म्हणजे दोन तास धरा. रस्ता तासाभराचा. जीप खाली उभी आहे, येताना बघितली मी, ड्रायव्हर आत पाय वर करून झोपलाय. त्याला उठवायचं आणि निघायचं, एवढंच काम आहे.

हो, दाखल्यावर अठरा आहे, तेच तर सांगतेय. आणि मुलीच्या बापाने दाखल्याची नक्कल तुमच्याकडे आधीच आणून दिलीय हेही कळलं मला. परवा त्याच्या दारात उभी होते तेव्हाच म्हणाला तो, बाई, तुम्ही जाल तिथे आमचा कागद तुमच्या आधी पोचलेला असेल. पोचला. वाईट माणूस नाही हो तो, माझ्यासाठी खुर्ची बाहेर काढली त्याने, पुसून दिली. तुम्ही म्हणणार, कागदापुढे मी काय करू. बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. गेली सात वर्षं मी हेच म्हणत आलेय.

हे तुमचे कारकून असे बघतायत, म्हणजे मी यांना माहीत नाही. नवीन आलात का? बरं. मी बाई. बाई एवढंच पुरतं, खाली चहावाल्याला विचारा. एकोणीस वर्षं शिकवलं मी — एक खोली, एक फळा, त्याच्या मधोमध रेघ मारून अर्धा पहिलीला, अर्धा दुसरीला, तिसरी-चौथी व्हरांड्यात — आणि मग नोकरी सोडली. काढलं नाही कुणी, मीच सोडली. तेव्हापासून घरोघर फिरते. शाळा सुटलेल्या मुलींना परत नेऊन बसवायचं, नवऱ्याने हाकललेल्या बायकांचे अर्ज लिहायचे, म्हाताऱ्यांचे अंगठे उमटवून घ्यायचे, आणि लग्नं मोडायची. हसताय काय, मोडायचीच. लग्नमोडी बाई म्हणतात मला. वय न झालेल्या पोरींची लग्नं. अकरा मोडली. एकदा तर नवरदेव बुटाला पॉलिश करत बसला होता, तसाच एक बूट काळा आणि एक धुळीचा घालून घरी गेला बिचारा.

आणि कशाच्या जोरावर मोडली? भाषणं देऊन? माझ्या भाषणाला कुत्रं विचारत नाही. शाळेच्या रजिस्टरच्या जोरावर. उतारा काढायचा, बापाच्या नाकासमोर धरायचा, बोट ठेवायचं आणि म्हणायचं, वाच. येत नसेल तर मी वाचते. पंधरा वर्षं दोन महिने. मग तो आरडाओरडा करणार — आमच्या घरात तारखा कोण लिहून ठेवतं, पूर आला त्या वर्षीची आहे ती, तुम्ही काय आमच्यापेक्षा जास्त ओळखता का तिला — आणि मी म्हणायची, पूर-बीर काही सांगू नका, कागद खोटं बोलत नाही. अकरा वेळा म्हटलं हे वाक्य. परवा बाराव्यांदा म्हणायला तोंड उघडलं, तर खडूच्या बापाने दाखला माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, वाचा बाई, अक्षर ओळखीचं वाटतं का बघा.

खडू म्हणजे ही मुलगी. खरं नाव आहे तुमच्यासमोर, पण मी खडूच म्हणते, कारण पहिल्या दिवशी शाळेत आली, मी फळ्याकडे वळले, पुन्हा फिरून बघते तर हिने अर्धा खडू खाऊन टाकलेला. ओठ पांढरे, हनुवटी पांढरी, आणि माझ्याकडे बघून हसतेय. सहा वर्षांचं मूल खडू खातं का साहेब? चार वर्षांचं खातं. बाकीच्यांचे दुधाचे दात पहिलीत पडायला लागतात, हिचा पहिला दात पडला तेव्हा ही तिसरीत होती. रुमालात गुंडाळून आणला होता मला दाखवायला. हे तुमच्या कागदात कुठे लिहायचं तेवढं सांगा, मी लिहून देते.

काय म्हणालात? — हो. अंकातही तेच लिहिलंय आणि अक्षरातही तेच लिहिलंय. हात दोन्हीकडे कसा घसरला, असं ना? बरोबर पकडलंत. पूर्वी कुणी एवढं बघायचं नाही.

अहो, तुम्ही जरा चहाला जाता का? तुम्ही हो, कारकूनसाहेब. दहा मिनिटं. मला यांच्याशी — नाही, तक्रार नाही, घरचं बोलायचंय. या जाऊन. दार ओढून घ्या.

गेले. आता मी तू म्हणते. बाहेर शंभर वेळा साहेब म्हणेन, पण दोघंच असताना माझ्याने नाही होत रे. लांब्या म्हणायचे मी तुला. व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसायचास, बाकाखाली पाय मावायचे नाहीत म्हणून. आणि शुद्धलेखनात दर ओळीला एक चूक — ते जाऊ दे. घाम पुसते थांब. पंखा चालतो का तुझा? नुसताच लटकवलाय.

माझा हात घसरला नाही. मुद्दाम लिहिलं मी. बस, बोलून टाकलं.

आता कसं लिहिलं ते ऐक, म्हणजे तुला कळेल. जन्माचे दाखले तेव्हा कुणाकडे असायचे? कुणाकडेच नाही. आई यायची पोराला बखोटीला धरून, किती वर्षांचं झालं म्हटलं तर म्हणायची, झालं की मोठं, घ्या आता. मग आम्ही काय करायचो, माझ्या आधीच्या गुरुजींनी शिकवलं होतं मला, पोराला सरळ उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचं, आणि बोटांनी डावा कान धरता आला तर सहा पूर्ण. नाही पोचला तर पुढच्या वर्षी या. झालं वय. आणि तारीख? तारीख सगळ्यांना एकच, शाळा उघडायचा दिवस. माझ्या हातून गेलेली सगळी पोरं एकाच दिवशी जन्मलीत. तूही त्याच दिवशीचा. त्या गावात त्या दिवशी कोण कुणाला शुभेच्छा देणार, सगळ्यांचाच वाढदिवस.

खडूचा हात नाही पोचला. कपाळाच्या वर इथे, केसांत अडकला. तिची आई दाराशी उभी, तिला कामावर जायचं होतं, पोरगी कुणाच्या गळ्यात मारायची हा तिचा प्रश्न. आणि माझा प्रश्न वेगळा. पटावर सतरा मुलं. वीस नसतील तर शाळा बंद, असा कागद आलेला, तपासणीला साहेब येणार होते चार दिवसांनी. मी घरं पालथी घातली तेव्हा, लांब्या, ज्या ज्या घरात रांगणारं सोडून काहीही होतं त्या सगळ्या घरांत गेले. दोन मिळाली. एक कमी. आणि ही समोर उभी, डोक्यावर हात ठेवून, तिला वाटलं खेळच आहे. मी काय केलं — मी तिचा हात धरला आणि ओढला. असा. खांद्यातून. रडली नाही ती. बोटांची टोकं कानाला लागली, मी म्हटलं, बघा पोचला, आणि खाली बसून लिहिलं, अंकात आणि अक्षरात.

शाळा वाचली ना पण. वीस मुलांची शाळा वाचली. ती बंद झाली असती तर या सगळ्यांना नदीपलीकडच्या शाळेत कोण धाडणार होतं, मुलींना तर कुणीच नाही. हे मी स्वतःला बारा वर्षं सांगतेय आणि ते खोटं नाहीये. मग असा का बघतोस?

बरं, तुला काय, आता सगळंच सांगते. बदली नको होती मला. शाळा बंद झाली की शिक्षकाला उचलून कुठल्या टोकाला टाकतील याचा नेम नाही, आणि आमचे हे त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले, एक बाजू गेलेली, मी दुपारच्या सुट्टीत धावत घरी जायची, त्यांना कुशीवर वळवायची, दोन घास भरवायची आणि परत. दुसऱ्या गावी कोण करणार होतं? सांग. तू असतास तर काय केलं असतंस? कुणीही हेच केलं असतं. माझ्या नवऱ्यासाठी मी एका पोरीच्या आयुष्यातली दोन वर्षं खाल्ली. तेव्हा मला वाटलं त्यात काय एवढं, दोन वर्षं लवकर शिकेल.

आता तू म्हणशील डॉक्टरकडे न्या, हाडांचा फोटो काढा, हाडं वय सांगतात. माहीत आहे मला. तीन वेळा नेल्यात मी मुली. ते मशीनवाले सोमवारी येतात आणि कागद मिळायला वर आठवडा. आज बुधवार आहे. लग्न झाल्यावर तपासून काय करू? कागद हातात येईस्तोवर पोरीला दिवस गेलेले असतील, आणि मग तिची सासू म्हणेल, आता कशाला, आता झालं ते झालं. आणि त्या घरात दिवस जाणं म्हणजे — त्या घरात नको रे. दुसरं कुठलंही घर असतं तर मी इतकी धावत आले नसते. आले असते, पण अशी नसते आले. चप्पल बघ माझी, एक पट्टा तुटलाय, तशीच आलेय.

कुठल्या घरात म्हणजे? तिच्या बहिणीच्या. तुला माहीत नाही? खडूची मोठी बहीण त्याच घरात दिली होती. तोच नवरा, तोच जावई. मोठी गेली बाळंतपणात, मूल वाचलं, मुलगी आहे, सात वर्षांची. इतके दिवस तिची आजी सांभाळायची, ती आजी गेल्या महिन्यात वारली, आणि लगेच सगळ्यांना सुचलं की धाकटी आहेच की घरात, मावशीइतकी माया कोण लावणार, आणि कागदावर अठराही आहे. कुणाच्या मनात पाप नाही बघ. जावईसुद्धा गरीब माणूस, खाली मान घालून बसलेला असतो. त्यानेच मला विचारलं परवा, बाई, तुमचं मत काय. अरे, माझं मत —

आठ वर्षांपूर्वीही असंच विचारलं होतं. बापाने. दाखला न्यायला आला होता शाळेत, मोठीचा. मी टेबलाशी वह्या तपासत होते. म्हणाला, बाई, स्थळ चांगलं आहे, अठरा पूर्ण आहेत ना तिला? मी म्हटलं बघते. रजिस्टर काढलं. पान उलटलं.

नाही, काही नाही. पाणी दे आता.

तिलाही मीच घेतलं होतं रे. खडूच्या आधी आठ वर्षं. तिचाही हात ओढला होता. आणि तेव्हा तर आमचे हे चांगले हिंडते-फिरते होते, तेव्हा मला सबबही नव्हती, पट कमी होता आणि सगळेच शिक्षक करायचे, एवढंच. बाप समोर उभा आहे, रजिस्टर उघडं आहे, आणि मला पक्कं माहीत आहे की पोरगी सोळाची आहे. मला एकटीला. त्या खोलीत, त्या गावात, मला एकटीला. नुसतं म्हणायचं होतं, थांबा दोन वर्षं. मग त्याने विचारलं असतं, का? म्हणून मी म्हटलं, हो, अठरा पूर्ण आहेत. दाखला लिहून दिला. सुवाच्य अक्षरात. लग्नाला गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. अकराव्या महिन्यात ती गेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, खरं वय किती हिचं, हिचं अंग अजून भरलेलंच नाही. मी म्हटलं दाखल्यावर अठरा आहे. तिथेसुद्धा.

म्हणून सोडली नोकरी. लोकांना वाटतं बाईंना समाजसेवेची ओढ लागली, एकदा सत्कारही केला माझा, शाल-बिल घालून, एक माणूस बोलला की असा त्याग आजकाल कोण करतं. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. ओढ कसली, मला त्या खोलीत रजिस्टरचं कपाट उघडवेना. अकरा लग्नं मोडली ना मी, त्यांतलं एकही त्या अकरा पोरींसाठी नव्हतं बहुतेक. जाऊ दे. कुणासाठी का असेना, मोडली ना.

वाजले किती? अकराला दहा कमी. लांब्या, ऊठ ना रे.

लेखी पाहिजे? नोंद ज्याने केली त्याने स्वतः लिहून दिलं की नोंद खोटी आहे, तर तेवढ्यावर तू जाऊन थांबवू शकतोस, असं म्हणतोस? नक्की? मग आधी नाही का सांगायचं. दे कागद. पेन दे, हे चालत नाही, दुसरं दे.

थांब. लिहिते. फक्त एक विचारते — एवढीच नोंद लिहिली तर चालेल ना? म्हणजे एकच खोटी होती, बाकीच्या खऱ्या, असं? नाही चालणार. बरोबर, एक खोटी म्हटली की उद्या कुणीतरी म्हणणारच, बाईंच्या हातच्या सगळ्याच तपासा. आणि तपासल्या तर काय सापडेल? एक पोरगी दवाखान्यात नर्स आहे, तिला मी एक वर्षाने मोठी केलीय. एकाला फौजेत घेतलंय. आणि तुझा तर हात कान सोडून पार मानेपर्यंत गेला होता, मला हसू आवरेना, दहाचा घोडा होतास तू, बकऱ्या राखून आलेला, आणि आठच्या पुढचं मूल पहिलीत घेऊ नका म्हणून वरून कागद आलेला, म्हणून मी तुला सहाचा —

अरे.

नाही, मी — हे मी बोलणार नव्हते. तुला माहीत होतं ना? तुझ्या आईला माहीत होतं, तिने सांगितलं असेल. नसेल सांगितलं? तू परीक्षा पास झालास तेव्हा घरी आली होती ती माझ्या, म्हणाली, बाई, वयाची अट संपायला तीन महिने होते, बसला बाई माझा पोरगा. मी तिला म्हटलं, तीन महिने कसले, चार वर्षं उलटून गेली होती. हसलो आम्ही दोघी. बायका आम्ही, पोराला नोकरी लागल्याच्या आनंदात हसलो.

असं बघू नकोस. धमकी देत नाहीये मी तुला. बाई कुणाला धमकी देईल का रे? मला फक्त — तोंडात आलं, बोलून गेले. सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या. तू हुशार होतास म्हणून घेतलं तुला, पट भरायला नाही, तुझ्या वेळी पट पूर्ण होता, देवाशपथ. तुझी नोंद ही एकच अशी आहे की जिची मला लाज वाटत नाही. तू एवढा मोठा झालास, चार माणसं तुझ्यापुढे उभी राहतात, ते काय त्या आकड्यामुळे? तुझ्या अकलेमुळे. पण तपासणीवाल्यांना हे कसं सांगायचं, ते खरंच मला कळत नाही.

लिहिते. तुझं नाव कुठेही येणार नाही यात, बघ, समोर लिहिते. मी, अमुक, तत्कालीन शिक्षिका, असे लिहून देते की सदर मुलीची जन्मतारीख मी स्वतः, पटसंख्या भरण्यासाठी, जाणूनबुजून — जाणूनबुजून लिहू ना? लिहिते — दोन वर्षे आधीची नोंदवली. तिचे खरे वय सोळा वर्षे चार महिने. यास मी एकटी जबाबदार. सही. तारीख. एवढं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं. घे.

वाच की. दोनदा काय वाचतोस, सहाच ओळी आहेत. आता शिक्का मार त्याच्यावर, आवकचा, तो काय समोरच पडलाय. फाइलला लाव. नाही, घडी नको घालूस. लांब्या, घडी कशाला घालतोस त्याची? खिशात — अरे खिशात कशाला? तो फाइलला लागला नाही तर मी लिहिलाच नाही असं होईल. बाळा, ऐक माझं, तुझी चार वर्षं कुणी विचारणार नाही, त्याला वर्षं लागतील, चौकशा, पत्रं, तुझी निवृत्ती येईल तोवर. त्या पोरीकडे दीड तास आहे.

बेल कशाला वाजवलीस?

थांब, फोन आला. मावशीचा नंबर आहे, खडूच्या मावशीचा. — हां, बोल ग. खडू? कुठून बोलतेस? न्हाणीघरातून. बरं, हळू बोल, ऐकू येतंय मला. — हो. हो ग. साहेबांच्या समोरच बसलेय. सगळं लिहून दिलंय. — थांब हं. ती विचारतेय निघालात का. काय सांगू? लांब्या, ती विचारतेय रे, काय सांगू तिला? घे, तूच बोल, तुझ्या आवाजाने धीर येईल पोरीला, नुसतं निघतोय म्हण — येतोस? चल. चल बाबा, मी जिन्याने हळू उतरते, तू हो पुढे — अरे, जीपची किल्ली टेबलावरच राहिली तुझी. साहेब. साहेब, किल्ली —

कुठे गेले हो साहेब? तुम्ही शिपाई ना, तुम्हाला काय सांगून गेले? मीटिंगला. कुठली मीटिंग? बरं. बरं, तुम्ही तरी काय करणार.

खडू, आहेस का? ऐक. रडू नकोस, नळ सोडून ठेव, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. साहेब नाही येत. नाही, उशिरानेही नाही. आता मी सांगते ते करायचं. दार उघडायचं, बाहेर यायचं, आणि जिथे सगळी माणसं बसलीत ना, तिथे मधे जाऊन उभं राहायचं. लग्न लावणारा असेल त्याच्यासमोर. आणि मोठ्याने म्हणायचं, मी सोळा वर्षांची आहे. वर्गात कविता म्हणायचीस तेवढ्या मोठ्याने. — ओरडू दे वडिलांना. ते कागद दाखवतील. तू म्हण, कागद खोटा आहे. विचारतील कुणी केला, तर माझं नाव घे. — नाही ग, मला काही होत नाही. मला काय व्हायचंय आता. घे नाव, लाजू नकोस, बाईंनी केला म्हण, माझा हात ओढून कानाला लावला म्हण. आणि तरी नाही ऐकलं तर सांग, ताईचाही असाच केला होता. ताई सोळाचीच होती.

हो. ताईचाही.

मीच ग. मीच लिहिला होता. — माहीत होतं मला. — हो, तेव्हाही माहीत होतं. ते मी तुला नंतर सगळं सांगेन, समोर बसून सांगेन, आत्ता तू फक्त बाहेर ये. खडू? ते आत्ता मनात नको आणूस. खडू, ऐकतेस ना? नळ बंद का केलास?

फोन ठेवला तिने.

हो, उठते. कळतंय मला, ऑफिस आहे. लावा तुम्ही दार.